दक्षिणेच्या खोलीचा पांढरा

बर्नी, टास्मानिया
९ मे १९८८

ती. एल्वाताईंस,
मर्लचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. क्लॅरीला जाऊन आज तीन आठवडे झाले. लोक विचारतात कशी आहेस, मी म्हणते बरी आहे, आणि खरंच बरी असते, तीच तर पंचाईत आहे. रडू येत नाही. झोप लागते. जेवते, पण काय जेवले ते ताट धुताना आठवत नाही. चर्चच्या बायकांनी आणून दिलेल्या रश्श्यांची काचेची भांडी ओट्यावर रांगेत उभी आहेत. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर नाव आहे, तरी ती परत करायला पाय उचलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा गेला की बाईचं काहीतरी व्हायला हवं ना? मला काहीच होत नाहीये.

तुम्ही अंत्यविधीला आला नाहीत ते मी मनात धरलेलं नाही. पायाचं दुखणं तुम्ही फोनवर सांगितलंत, आणि ब्रोकन हिल काही गल्लीच्या टोकाला नाही. आधी रेल्वे, मग बोट. धडधाकट माणूस आंबून जाईल.

आता कामाचं. तुमच्या घरमालकाला जुलैअखेर घर रिकामं करून हवं आहे आणि तुम्ही इथं आमच्याकडे कायमच्या राहायला यायचं ठरलेलं आहे. क्लॅरी गेला म्हणून ते मोडत नाही. तुमची ट्रंक तर तुमच्याआधीच येऊन पॅसेजमध्ये बसली आहे, जाता-येता माझ्या नडगीला लागते. राहता राहिली खोली. मागची, दक्षिणेची. आपल्याकडचा सूर्य उत्तरेनंच फिरतो, तिथं ऊन म्हणून कधी येत नाही. क्लॅरीनं भिंती घासून, भेगांत लांबी भरून ठेवल्या होत्या आणि तुमच्यासाठी ऊबदार पांढरा लावायला घेतला होता. दीड भिंत झाली आणि तो शिडीवरून पडला. बाकीची अडीच भिंत तशीच आहे, जुना हिरवा आणि त्यावर लांबीचे ठिपके.

ती मी पुरी करणार. रंगारी बोलावणार नाही. जिच्या नवऱ्यानं निम्मं बर्नी रंगवलं तिच्या घरात परका रंगारी आला तर गाव हसेल. फक्त तुम्हाला कुठला पांढरा हवा ते कळवा. क्लॅरीनं लावलेला मला जरा निळसर वाटतो. सकाळी दार उघडलं की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं होतं. माझेच डोळे बिघडले असतील. पण राहायचं तुम्हाला आहे, तेव्हा पसंती तुमची.

पाय जपा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका, एवढंच मागणं.
तुमची,
मर्ल


ब्रोकन हिल
१७ मे १९८८

चि. मर्ल हिस,
एल्वाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं असं कसं म्हणू, पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं. रडू येत नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. आमची आई बाबांच्या मागे सहा महिने कोरडी होती आणि मग एके दिवशी बाजारात, गाजरांच्या ढिगापाशी, हमसून हमसून रडली. वेळ आली की येतं. आणि ती भांडी परत कर बाई. बायका तोंडावर काही बोलत नाहीत, पण आपलं भांडं कुणाकडे किती दिवस आहे हे त्यांना झोपेतही ठाऊक असतं.

इथं धुळीनं वीट आणलाय. काल वादळ आलं, खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसले होते. चहात धूळ, उशीवर धूळ. गुडघा बरा आहे.

तू पांढऱ्याचं विचारतेस. अगं, पांढरा तो पांढरा, त्याला काय नाकडोळे बघायचे? मी एकाहत्तर वर्षांची, मला भिंत दिसली म्हणजे पुरे. आमच्या पत्र्याच्या घरात आई दर ख्रिसमसआधी आतून चुना मारायची. उन्हाळ्यात तो डोळ्यांत भोसकायचा. मग ती बादलीत उरलेल्या चहाचं पाणी ओतायची, दोन कप. चुना जरा निवायचा. क्लॅरी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. तो बादलीत काठी फिरवत बसायचा आणि मध्येच सांगायचा की आई, आता बास. आणि खरंच तेवढ्यावर बास असायचं. पुढं त्यानं त्याच्यावरच पोट भरलं. तुझ्या लग्नात मी सगळ्यांना सांगत होते की आमच्या क्लॅरीला पांढऱ्याचं नाक आहे.

म्हणून म्हणते, त्यानं लावलाय तो चांगलाच असेल. निळसर तुला वाटत असेल, दुःखात माणसाला काहीही दिसतं. नाहीतर राहू दे ना खोली तशीच. एवढी घाई कशाला? इथं म्हाताऱ्या माणसांचं एक वसतिगृह आहे, माझ्या ओळखीच्या दोघी तिथं गेल्या आहेत. रविवारी भाजलेला लँब देतात म्हणे. मी सहज चौकशी करून आले. सहजच.

भिंतीबद्दल त्यानं तुला काही म्हटलं होतं का? शेवटी?

तू जप. एकटीनं शिडीवर चढू नकोस.
आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
एल्वा


बर्नी
२८ मे १९८८

ती. एल्वाताईंस,
मर्लचा नमस्कार वि. वि.

वन्सं, धन्य तुमची. पांढरा तो पांढरा म्हणे! क्लॅरीनं ऐकलं असतं तर ब्रश खाली ठेवून तुम्हाला संध्याकाळपर्यंत पांढऱ्यांची कुळी सांगितली असती. आणि वसतिगृहाची सहज चौकशी करून आलात ते काय? गुडघा धरून सहज? ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी तुमच्या घरात सून म्हणून चाळीस वर्षं काढली आहेत.

तर मी डेसच्या दुकानात गेले. तुम्ही त्याला बघितलं आहे, तोच तो, ज्याचं बोट मशीनमध्ये गेलं होतं. क्लॅरीनं सगळा रंग त्याच्याकडूनच नेला. तो मला बघून इतका गोंधळला की गल्ला उघडून बंद केला, पुन्हा उघडला. मी सांगितलं की ऊबदार पांढरा हवा. त्यानं माझ्यासमोर एकोणतीस पांढरे मांडले. त्यातल्या प्रत्येकाचे परत चार भाऊ: पाव, अर्धा, पुरा आणि दुप्पट. मशीन रंगाचे थेंब त्या मापानं कमी-जास्त टाकतं. क्लॅरी सगळं अर्धंच घ्यायचा. पुऱ्याला तो बडेजाव म्हणायचा आणि पावाला चिक्कूपणा.

मी सहा छोट्या डब्या घेऊन आले. मक्याच्या पोह्यांचे रिकामे खोके फाडून त्यांच्या पाठीवर रंग लावला आणि खोलीत टेकवून ठेवले. सकाळी बघितले, दुपारी बघितले, दिवा लावून बघितले. खरं सांगू? मला सहाही सारखेच दिसले. पूर्वी असं नव्हतं. क्लॅरी गंमत म्हणून माझ्यापुढं दोन पुठ्ठे धरायचा आणि मी पिवळा कुठला, तांबूस कुठला ते अचूक सांगायची. आता बघते आणि पाटी कोरी. डेसला फोन करून हे सांगितलं तर तो म्हणाला की मिसेस, घाई नाही. सगळे मला हेच सांगतात.

मग शेडमध्ये क्लॅरीचे डबे बघायला गेले. म्हटलं त्यानं लावलेलाच आणावा, वाद नको. तर तिथं दोन डबे निघाले. डेसची सवय अशी की झाकणावर तो रंगछटेच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहितो आणि पुढं माप. दोन्हीवर तेच: 'फ, अर्धा'. बाजूच्या बारीक चिठ्ठीवर नाव असतं, ते वाचलं. एक 'फ्लीस', म्हणजे लोकरीसारखा, ऊबदार. तो तुमच्या खोलीसाठी होता, डेसच्या वहीतही तसंच आहे. दुसरा 'फ्रॉस्ट'. नावच हिवाचं, निळी झाक असलेला, तो न्हाणीघराच्या छतासाठी आणला होता. फ्लीसचं झाकण उघडलेलंच नाही. फ्रॉस्टचा डबा निम्मा रिकामा.

तेव्हा निळसर दिसणारी भिंत निळसरच आहे. न्हाणीघराचा रंग तुमच्या खोलीला लागला. कसं झालं कोण जाणे. ज्यानं जन्मात झाकणाकडे बघितलं नाही, नुसतं डब्यात डोकावून सांगितलं, त्याच्या हातून हे झालं.

तर आता फ्लीस लावू का, तेवढं एका ओळीत लिहा. बाकी उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं.

लोभाचा दिवा तुमच्याकडून मालवू नये, ही विनंती.
मर्ल

ता. क. भांडी परत केली. अकरापैकी दहा. एकावरचं नाव धुताना निघून गेलं.


ब्रोकन हिल
६ जून १९८८

चि. मर्ल,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खोलीला काही लावू नकोस. मी वसतिगृहात नाव दिलं आहे, पंचवीस जुलैपासून जागा मिळते. सगळ्यांच्या दृष्टीनं हेच बरं. तू तुझ्या मनासारखी राहा, खोली हवी तर भाड्यानं दे. कागदगिरणीत नव्या मुली लागतात, त्यांना जागा लागते. ट्रंक रेल्वेनं परत पाठव, भाडं मी भरेन.

तब्येतीला जप.
एल्वा


बर्नी
१४ जून १९८८

ती. एल्वाताईंस, न. वि. वि.

ट्रंक परत पाठवणार नाही.

तुम्ही लिहिता सगळ्यांच्या दृष्टीनं. हे सगळे कोण? मोजून बघा. आम्हाला मूल ना बाळ, तुमचं लग्न झालं नाही. क्लॅरी होता तोवर आपण तिघं होतो. आता तुम्ही आणि मी. त्यातल्या एकीला कुणी विचारलेलं नाही.

काल सूप करपलं. भोपळ्याचं. वास घरभर झाला तरी मी त्याच खोलीत खुर्ची टाकून त्या निळ्या भिंतीकडे बघत बसले होते. उठायला हवं हे कळत होतं, उठणं होत नव्हतं. शेवटी शेजारची बाई आली आणि तिनं गॅस बंद केला. हे कुणाला सांगायचं म्हणून तुम्हाला सांगते आहे, दया यावी म्हणून नव्हे.

बाई, माझ्या हातचं आवडत नसेल तर तसं लिहा. माझी कुरकुर नको असेल तर तसं लिहा. एकोणीसशे एकोणपन्नासच्या ख्रिसमसला मी तुमच्या पुडिंगला दगड म्हटलं होतं, तो राग असेल तर तोही लिहा. पण इकडे क्लॅरीनं चुकीचा डबा उघडला हे मी लिहिलं आणि तिकडून उलट टपाली निरोप आला की येत नाही. याचा त्याच्याशी काय संबंध? मी न शिकलेली असेन, पण आंधळी नाही. काय ते सरळ सांगा. रंग लावायचा की नाही हे त्यावर ठरेल.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
मर्ल


ब्रोकन हिल
२२ जून १९८८

प्रिय मर्ल,

आशीर्वाद लिहिण्याचा मला आज हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

क्लॅरीला दिसत नव्हतं. तुला हे माहीत नाही आणि ते माझ्यामुळे माहीत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तो एकटा माझ्याकडे आला होता, आठवतं? तेव्हा त्यानं माझ्या टेबलावर चहा कपाच्या बाजूला ओतला आणि हसून घेतलं. मी हसले नाही. महिन्यातून एकदा ॲडिलेडहून डोळ्यांचा डॉक्टर येतो, त्याच्याकडे त्याला हाताला धरून घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. डॉक्टरनं समजावून सांगितलं की याला सगळं पिवळट काचेतून बघितल्यासारखं दिसतं. म्हणजे पांढरा कुठलाही असो, याला तो ऊबदारच वाटणार. आणि शिडी बंद. पहिल्या पायरीवरसुद्धा नाही. ऑपरेशन करून घ्या, सोपं आहे.

बाहेर आल्यावर त्यानं माझ्याकडून शपथ घेतली. आईची. म्हणाला की मर्लला कळलं तर ती मला खुर्चीत बसवून ठेवेल आणि मी तिथंच मरेन. काळा चष्मा लावेन आणि उन्हाचा त्रास होतो सांगेन. मी म्हटलं ऑपरेशन कधी, तर म्हणाला तुझी खोली झाली की. मला त्याचं बरंच वाटलं गं. एवढ्या वयात कुणीतरी आपल्यासाठी काही आधी करतंय. मी ताकास तूर लागू दिली नाही. तुझी पत्रं यायची, त्यात त्याच्या चष्म्याची थट्टा असायची. मी उत्तरात पावसापाण्याचं लिहायची.

आणि एप्रिलात मीच त्याला लिहिलं की धुळीचा कंटाळा आला, एक मेला येते, खोली तयार ठेव. तारीख दिली. त्याला घाई लावली ती मी.

माझ्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मी अंत्यविधीला आले नाही कारण तुझ्यासमोर उभं राहायचं कसं, ते मला समजेना. तू दोन डब्यांचं लिहिलंस तेव्हा मी पत्र चुलीत टाकलं आणि मग चुलीतून परत काढलं. माझ्या भावानं माझ्यासाठी लावलेली ती शेवटची भिंत आहे आणि ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे जगात मला एकटीला माहीत होतं. त्या खोलीत मी झोपू कशी, मर्ल? तूच सांग.

उत्तर आलं नाही तरी मी समजेन.
एल्वा


बर्नी
३ जुलै १९८८

ती. एल्वाताईंस,
मर्लचा साष्टांग नमस्कार. या वेळी पुरा, अर्धा नाही.

मला माहीत होतं.

दोन वर्षं माहीत होतं. तुमच्या डॉक्टरच्या आधीपासून. क्लॅरीनं शेजाऱ्यांचा व्हरांडा रंगवला तेव्हा मध्ये मध्ये कोऱ्या जागा राहिल्या. रंगारी लोक त्याला सुट्टी म्हणतात, की इथं ब्रश सुट्टीवर गेला होता. क्लॅरी दुसऱ्यांच्या कामातल्या सुट्ट्या रस्त्यावरून मोजायचा आणि खो खो हसायचा. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या कामात मी नऊ मोजल्या. तो चहाला बसला तेव्हा मी गुपचूप जाऊन भरल्या. मग तसंच सुरू झालं. तो पुढं, मी मागं. डबे मी उघडायची. बाजूची चिठ्ठी वाचून मोठ्यानं नाव घ्यायची, जसं काही मलाच बोलायची खोड आहे. तो काही म्हणायचा नाही, मीही नाही. एकदाच रात्री जेवताना त्यानं चॉपकडे बघत सांगितलं की एल्वाला काही लिहू नकोस, ती बोटीनं येऊन मला कान धरून शिडीवरून उतरवेल.

तर अशी गोष्ट आहे. तुमच्याकडून आईची शपथ आणि माझ्याकडून हे. शिडीला एका बाजूनं तुम्हाला धरायला लावलं आणि दुसऱ्या बाजूनं मला, आणि दोघींना वाटत राहिलं की आपण एकटीच धरून आहोत.

त्या सोमवारी मी केस सेट करायला गेले होते. निघताना सांगितलं होतं की मी तीनला येते, तोवर रंगाला हात लावू नको. तो हो म्हणाला. मी आले तेव्हा दीड भिंत झालेली होती. पुढं तुम्हाला ठाऊक आहे. अंत्यविधीला सगळ्या बायका मला म्हणाल्या की मर्ल, केस किती सुरेख दिसताहेत. डॉक्टर म्हणतात आधी हृदय थांबलं असेल, मग पडला असेल. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. आपल्याला ते कधी कळणार नाही आणि ते तसंच सोबत घेऊन राहायचं आहे. पण तुम्ही तारीख दिलीत म्हणून तो गेला असं म्हणाल, तर मी केस सेट करायला गेले म्हणून तो गेला असं मला म्हणावं लागेल.

तुमचं पत्र वाचलं आणि मी उभ्यानं त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं. ज्या माहीत होत्या त्या सगळ्या, आणि डेसच्या दुकानात ऐकलेल्या दोन. बेट्यानं बायकोला आणि बहिणीला एकाच जागी मूर्ख बनवलं. एप्रिलपासून मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं आणि ते म्हणजे राग. मग भूक लागली. खरीखुरी, पोट दुखेल अशी. तीन अंडी तळून खाल्ली, वर टोस्ट.

दुसऱ्या दिवशी मी त्याची भिंत रंगवून टाकली. तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐका. अडीच महिने मी तिला शेवटची म्हणून जपत होते, पुसतसुद्धा नव्हते. मग उजेडात नीट बघितली. पाच सुट्ट्या, खिडकीपाशी ओघळ, आणि रंग न्हाणीघराचा. ही भिंत क्लॅरीनं डोळे शाबूत असताना बघितली असती तर ज्यानं रंगवली त्याची धिंड काढली असती. त्याची आठवण म्हणून ती ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायची? माझ्या नवऱ्याचं काम असं नव्हतं. दोन हात मारले. आता ती दिसत नाही.

आणि फ्लीस अर्धा नाही लावला. लावून बघितला होता, पण त्या बिनउन्हाच्या खोलीत तो आजाऱ्यासारखा दिसला. मला दिसला, एल्वाताई. पुठ्ठे शेजारी शेजारी धरले आणि फरक कळला. मग डेसकडून पुरा आणला. त्यानं भुवया वर केल्या, मी खाली करायला सांगितल्या. क्लॅरीनं याला बडेजाव म्हटलं असतं. म्हणू दे.

खालची अर्धी मी रंगवली, वरची शेजारणीच्या जावयानं. मी शिडीवर चढले नाही. तुम्ही विचारणार हे माहीत आहे.

तुमच्या ट्रंकेचं कुलूप तोडलं. कपडे कपाटात लावले. तीन स्वेटरांना कसर लागली होती, ते फेकले, त्यावर भांडायचं असेल तर इथं येऊन भांडा. त्या खोलीत झोपायचं कसं ते मला माहीत नाही. मी पलीकडच्या खोलीत कशी झोपते तेही मला माहीत नाही. पण झोप लागते.

लोभ ठेवायचा तर जवळ येऊन ठेवा. पत्रातून आता पुरे झाला.
तुमची भावजय,
मर्ल


ब्रोकन हिल
११ जुलै १९८८

चि. मर्ल हिस,
अनेक आशीर्वाद. आज लिहवतात.

वीस तारखेच्या बोटीचं तिकीट काढलं. एकवीसला सकाळी डेव्हनपोर्टला उतरेन, तिथून बसनं दहापर्यंत पोचेन. स्टॉपवर येऊन थंडीत उभी राहू नकोस. माझा गुडघा बरा आहे हे आता तुला माहीत आहे. भिंत रंगवलीस ते वाचून एक दिवस तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी वाटलं, बरं झालं. तिसऱ्या दिवशी परत राग आला. अजून असंच चाललं आहे. आल्यावर आठ दिवस मला काही चांगलं बोलू नकोस, मला ते सोसायचं नाही. स्वेटरांपैकी निळा चांगला होता, त्याचं बघू.

काल वसतिगृहात नाव काढून घ्यायला गेले. तिथली बाई भली आहे. तिनं कारण विचारलं, फॉर्मवर लिहावं लागतं म्हणे. मी म्हटलं, भावजयीनं माझ्यासाठी खोली रंगवली आहे. तिनं विचारलं कुठला रंग. मी म्हटलं पांढरा. ती म्हणाली, पांढरा तर आमच्याकडेही आहे, आणि खरंच होता, चारी भिंतींना. मी तोंड उघडलं आणि रडायला लागले. खुर्चीत बसून, पर्स मांडीवर घेऊन, लहान पोरीसारखी. तिनं पाणी दिलं आणि कारणाच्या जागी 'घरगुती' असं लिहून घेतलं.

बाकी भेटीत.
तुझीच,
एल्वा